टंचाईतले भय : प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात रात्री शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाला ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा व्हिडिओ गेमचा प्रकार समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. हातात बॅटरी, पण तिचे चार्जिंग पहाटेपर्यंत पुरेल याची खात्री नाही. रानडुकरे कोणत्या धुऱ्याने येतील ते ठाऊक नाही. पलीकडच्या वावरात कोणी जागे असेलच असे नाही. आणि पीक सोडून घरी जाता येत नाही. या खेळांचे सगळे नियम एवढ्यात येऊन गेले.

इतर बहुतेक गेममध्ये खेळणारा शूर असतो. एक बंदूक रिकामी झाली की दुसरी सापडते. शत्रू जितके जास्त तितकी मजा जास्त. सर्व्हायव्हल हॉररमध्ये त्याला मुद्दाम दुबळे ठेवलेले असते. गोळ्या मोजक्या, औषध मोजके, उजेड मोजका. समोर येईल त्याच्याशी लढत सुटला तर तिसऱ्या दालनात हात रिकामे होतात. मग कुठे गप्प बसायचे, कुठून वळसा घालायचा, शेवटची गोळी कोणासाठी राखायची, याचा हिशेब डोक्यात सतत चालू राहतो. भुताची भीती पाच मिनिटांत विरते. हिशेब चुकल्याची भीती तासन्‌तास टिकते.

हे पुस्तक त्या हिशेबाबद्दल आहे, आणि त्याच्या मागच्या दुसऱ्या हिशेबाबद्दलही. कारण हा खेळ तयार करणाऱ्याकडेही बहुधा सगळे मोजकेच असते: माणसे, महिने, पैसे, यंत्राची ताकद. गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास चाळला तर दिसते, की खेळणाऱ्याच्या वाट्याला आलेली टंचाई पुष्कळदा करणाऱ्याच्या टंचाईतूनच जन्मली. म्हणूनच जिथे भांडवल नाही तिथेही हा प्रकार उभा राहू शकतो, आणि म्हणूनच यवतमाळसारख्या जिल्ह्यातून त्याच्याकडे पाहण्यात अर्थ आहे. मात्र भय स्वस्तात तयार होते म्हणून ते सहज विकले जाते, असे नाही. त्या दोहोंमधले अंतर किती, हे पुढच्या प्रकरणांत मोजले आहे.

सुरुवात जपानपासून करू. १९८९ मध्ये कॅपकॉम कंपनीने फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी ‘स्वीट होम’ काढला. एक झपाटलेला वाडा, आत शिरलेली पाच माणसे, आणि त्यातले एखादे मेले की ते कायमचे गेले. १९९२ मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने ‘अलोन इन द डार्क’ आणला. त्यातली माणसे त्रिमित होती, पण खोल्या म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली चित्रे. दोन्ही एकदम पेलण्याची ताकद त्या वेळच्या संगणकात नव्हती. चित्र स्थिर म्हणून कॅमेरा स्थिर, आणि कॅमेरा स्थिर म्हणून वळणापलीकडे काय उभे आहे ते दिसत नाही. मार्च १९९६ मध्ये शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल’ आला, तेव्हा पहिल्याचा वाडा आणि दुसऱ्याची युक्ती एकत्र आली. त्यात एका खोलीतून दुसरीत जाताना काळ्या पडद्यावर एक दार संथपणे उघडते. पुढच्या खोलीची माहिती सीडीवरून वाचायला प्लेस्टेशनला तेवढे सेकंद लागत, म्हणून ते दार. खेळणाऱ्याला मात्र त्याच सेकंदांत घाम फुटे. झालेला खेळ जपून ठेवायलाही टाइपरायटरची रिबन सापडावी लागे, आणि रिबनी मोजक्याच. या प्रकाराचे नावही याच खेळाने रूढ केले.

तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, कोनामीच्या चमूने ‘सायलेंट हिल’ केला. दूरवरचे रस्ते आणि घरे एकदम रंगवणे प्लेस्टेशनला जमत नव्हते. त्यांनी सगळे गाव धुक्यात बुडवले. यंत्राची उणीव झाकायला पसरलेले ते धुके पुढे या मालिकेची ओळख झाले. यंत्रे कितीतरी पटींनी ताकदवान झाल्यावरही ते कोणी काढून टाकले नाही. नायकाच्या खिशातला रेडिओ काही जवळ आले की खरखरतो. दिसत नाही, फक्त ऐकू येते. चित्र महाग आणि आवाज स्वस्त, हे अर्थशास्त्र या प्रकारात तेव्हापासून मुरले आहे.

मग पैसा आला, आणि त्याने भयाचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘डेड स्पेस’ मालिकेचा दुसरा भाग २०११ मध्ये आला. सुमारे ४० लाख प्रती खपूनही ते पुरेसे ठरले नाही, असे त्यावर काम केलेल्या एका रचनाकाराने नंतर जाहीरपणे सांगितले. तयार करण्याइतकाच खर्च जाहिरातीवर झाला होता. तिसऱ्या भागात जोडीने खेळण्याची सोय आली, गोळ्या वाढल्या, झटापट वाढली. खर्च भागवायला भित्र्यांचे गिऱ्हाईक अपुरे पडते, म्हणून शूरांनाही बोलवायचे, असा तो विचार. २०१२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ६’ नेही हीच वाट धरली होती. खेळणारा बलवान झाला आणि भीती पातळ झाली. ‘डेड स्पेस’ करणारा स्टुडिओ २०१७ मध्ये बंद झाला.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय चालले होते? स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या चमूने २०१० मध्ये ‘अम्नीशिया : द डार्क डिसेंट’ काढला. खर्च सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर. दोनेक वर्षांत दहा लाखांवर प्रती गेल्या. त्यात शस्त्रच नाही. पळायचे, कपाटात लपायचे, आणि कंदिलातले तेल जपायचे. शस्त्र नाही म्हणजे लढाईच्या हालचाली रंगवायला नकोत, शत्रूंचे दहा प्रकार नकोत. २०१४ मध्ये स्कॉट कॉथन या एकट्या माणसाने ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ केला. आधीच्या त्याच्या एका निरागस खेळातली पात्रे यांत्रिक बाहुल्यांसारखी भेसूर दिसतात, अशी टीका झाली होती. त्याने ती भेसूरताच भांडवल केली. या खेळात आपण खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. रखवालदाराच्या खोलीत बसून रात्री १२ ते सकाळी ६ कॅमेरे पाहायचे, दारे लावायची, आणि प्रत्येक दाराला, प्रत्येक दिव्याला वीज लागते. ती संपली की अंधार. पाच डॉलरच्या त्या खेळातून पुढे पुस्तके, खेळणी आणि २०२३ चा चित्रपट निघाला.

इथे यवतमाळच्या पालकांना एक नाव ओळखीचे वाटेल: ‘ग्रॅनी’. २०१७ चा हा मोबाइलवरचा फुकट खेळ, जाहिरातींवर चालणारा. एका घरात कोंडलेले आपण, हातात दांडा घेतलेली म्हातारी, आणि फरशीवर काही पडले की तिला ऐकू जाते. २०१६ च्या शेवटी डेटा स्वस्त झाल्यावर जे हजारो स्वस्त फोन खेड्यांत पोचले, त्यांवर चालेल एवढा तो हलका होता. दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या मुलांनी ‘रेसिडेंट ईव्हिल’ खेळला नसेल. म्हातारीपासून पलंगाखाली लपणे त्यांना पाठ आहे. या प्रकाराचा वाचकवर्ग, म्हणजे खेळणारा वर्ग, आपल्याकडे तयार आहे. तो पैसे देत नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती छोटी नाही.

मराठी माणसाला भीतीचा व्यापार नवा नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा दिवाळी अंकांनी आणि गल्लोगल्लीच्या वाचनालयांनी जगवल्या. एक प्रत वाचनालय विकत घेई आणि ती शंभर घरांत फिरे. लेखकाच्या पदरात मात्र एकाच प्रतीचे मानधन पडे. आज एक जण गेम विकत घेऊन यूट्यूबवर खेळतो आणि लाखो लोक तो पाहतात, तेव्हा करणाऱ्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो. कथेवर उभ्या असलेल्या भयखेळाचा शेवट फुकटात पाहून झाल्यावर तो विकत कोण घेणार? उलट, कोणी खेळून दाखवलाच नाही तर तो आहे हे तरी कोणाला कळणार?

‘तुंबाड’ या चित्रपटाची कहाणी या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राकडून धारपांची एक कथा ऐकली. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, २०१५ मध्ये बराच भाग पुन्हा चित्रित झाला, आणि चित्रपट पडद्यावर आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. भयकृतींचा पैसा बऱ्याचदा असा उशिरा, तोंडोतोंडी पसरून येतो. गेमचेही तसेच, वर्षानुवर्षे सवलतीच्या सप्ताहांत तो विकला जात राहतो. पण तोवर चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर त्या उशिराच्या पैशात नसते.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटाने उसाच्या फडाचा चक्रव्यूह केला. त्यासाठी वेगळा सेट उभारावा लागत नाही. फड आपल्या उंचीनेच माणूस गिळतो. आशियातल्या छोट्या चमूंनी गेममध्ये हेच केले. इंडोनेशियातल्या बांडुंगच्या चमूने लोकवर्गणी जमवून स्थानिक भुतांचा ‘ड्रेडआउट’ (२०१४) केला. तैवानच्या रेड कँडल गेम्सने ‘डिटेन्शन’मध्ये (२०१७) १९६० च्या दशकातली लष्करी दडपशाही एका शाळेत कोंडली, द्विमित चित्रे, थोडकी हालचाल, आणि तरीही जगभर खपलेला खेळ. तिथल्या भुतापेक्षा खबऱ्याची भीती मोठी आहे. जगाला आपली हडळ दाखवली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हा खेळ नीट पाहावा.

यवतमाळकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात राळेगाव आणि केळापूर तालुक्यांच्या पट्ट्यात १३ माणसे वाघाच्या हल्ल्यांत गेली. वनखात्याने त्यासाठी टी-१ या वाघिणीला जबाबदार धरले. लोक तिला ‘अवनी’ म्हणून ओळखू लागले. हत्ती आले, श्वान आले, उष्णता टिपणारे ड्रोन आले, तिला ओढून आणण्यासाठी परदेशी अत्तरही शिंपडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात तिला गोळी घातली गेली, आणि ती कशी घातली यावरून पुढे बराच काळ वाद चालला.

त्या दोन वर्षांत गावांनी कसे दिवस काढले, त्यात एका खेळाची पूर्ण रचना आहे. कपाशी वेचणीला आली की घरी बसता येत नाही. बोंड वाट पाहत नाही. सरपण आणि चारा आणावाच लागतो. टोळीने जायचे, बोलत जायचे, दिवस मावळायच्या आत परतायचे. घाणेरीच्या जाळ्यांमुळे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, म्हणून कान उघडे ठेवायचे: वानर खाकरले, चितळ ओरडले, की जागच्या जागी थांबायचे. ‘सायलेंट हिल’ने खिशात रेडिओ दिला, इथे ते काम झाडावरचे वानर करते. आणि सगळ्यात मोठा पेच असा, की जो सुरक्षित आहे तो घरी बसून आहे, आणि जो घरी बसून आहे त्याचा हंगाम बुडतो आहे. गोळ्यांच्या टंचाईपेक्षा ही दिवसांची टंचाई कितीतरी भयंकर आहे.

दुसरी जागा ‘शकुंतला’ रेल्वेची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी इंग्रजी अमलात घातली गेली. किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालची ही लाइन स्वातंत्र्यानंतरही खासगी मालकीची राहिली, आणि १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावले. आता गाडी बंद आहे. स्थानके उरली आहेत. गाडी दुसऱ्याची, कापूस आपला, आणि भाडे पिढ्यान्‌पिढ्या चालूच: या लाइनीवर झपाटलेला प्रवासी शोधण्यापेक्षा भय तिच्या खातेवहीत शोधावे, असे मला वाटते.

इथे एक मर्यादा स्पष्ट घालायला हवी. त्या १३ जणांची घरे आजही त्याच गावांत आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्यांचीही घरे आहेत. या मरणांना पडद्यावर दचकवण्याचा माल करणे ही हलकट गोष्ट होईल, आणि कलेच्या अंगानेही ती फसेल, कारण दचकणे क्षणाचे असते. प्रसंगातले नियम घ्यावेत, माणसे घेऊ नयेत. वेळ कशी संपते, कोणाला घराबाहेर पडावेच लागते, आवाजावरून काय ओळखतात, हे उचलावे. नावे, चेहरे आणि आक्रोश ज्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावेत.

आता पैशाकडे. पहिली चांगली बातमी अशी, की हत्यारे जवळजवळ फुकट आहेत. ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वाडा उभारता येतो, गोडो हे खेळ बनवायचे इंजिन विनामूल्य आहे, आणि अनरियल वापरणाऱ्याला दहा लाख डॉलरची कमाई होईपर्यंत इंजिनाचा वाटा द्यावा लागत नाही. त्यानंतर ५ टक्के. युनिटी या इंजिनाच्या कंपनीने मात्र २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारण्याची घोषणा केली आणि गदारोळानंतर २०२४ मध्ये मागे घेतली. दुसऱ्याच्या हत्यारावर संसार उभा करण्याचा धोका त्यातून सगळ्यांना कळला. स्टीम या दुकानात खेळ मांडायला १०० डॉलर लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के दुकान ठेवते.

एक ताळा मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तीन जण, दीड वर्ष, प्रत्येकाला महिना २५ हजार रुपये. झाले साडेतेरा लाख. संगणक, माइक, विजेचे बिल आणि इन्व्हर्टर धरून आणखी दीड लाख. एकूण १५ लाख. खेळाची किंमत सरासरी ४०० रुपये ठेवली, तर कर, दुकानाचा वाटा आणि परत आलेल्या प्रती वजा जाता हाती २२० च्या आसपास पडतील. म्हणजे नुसते मुद्दल वसूल व्हायला जवळजवळ सात हजार प्रती हव्यात. जगाच्या बाजारात हा आकडा लहान आहे. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याच्यासाठी तो फार मोठा आहे.

परत आलेल्या प्रतींचे प्रकरण भयखेळांना विशेष जाचते. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो. भय आखूड असले तर टोकदार राहते, म्हणून या प्रकारातले कितीतरी छोटे खेळ दीड तासात संपतात. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ५८’ करणाऱ्या एमिका गेम्सने याच कारणाने हे काम सोडत असल्याचे जाहीर केले: लोक खेळ पूर्ण करत, चांगले बोलत, आणि पैसे परत घेत. मग करणारा काय करतो? दीड तासाच्या गोष्टीला पाणी घालून अडीच तासांची करतो. दुकानाचा नियम असा गोष्टीच्या आत शिरतो.

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका अनुभव पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा आहे. त्यांचा ‘राजी’ हा भयखेळ नाही, पौराणिक साहसकथा आहे. पण हिशेब तोच. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरची लोकवर्गणी ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही, संस्थापकांपैकी एकाला काम चालू ठेवण्यासाठी फ्लॅट विकावा लागला, पुढे एपिक कंपनीचे अनुदान मिळाले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. ज्याच्याकडे विकायला फ्लॅट नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न हे यश सोडवत नाही.

सरकारी चित्र धूसर आहे, पण रिकामे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. खेड्यात ‘गेम’ म्हटले की रमीचे ॲप आणि त्यात बुडालेला पगार आठवतो. त्या सावलीतून बाहेर यायला पैसे लावायचा खेळ आणि नुसता खेळ यांतला फरक कायद्याने सांगणे उपयोगाचे आहे. त्यानंतर महिन्याभरात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. अशा धोरणांचा ओढा मोठ्या शहरांतल्या मोठ्या इमारतींकडे असतो. वणी किंवा उमरखेडच्या तिघांना दीड वर्षाचे मानधन देणे त्याहून कितीतरी स्वस्त पडेल.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात टंचाईच्या युक्त्या: अंधार, धुके, दार, आवाज, आणि खेळणाऱ्याला कमी देण्याचे शास्त्र. दुसऱ्या भागात आपल्या मुलखातले साहित्य, वऱ्हाडी बोलीतले संवाद जगापुढे कसे ठेवायचे या प्रश्नासह. तिसऱ्या भागात खर्च, किंमत, दुकाने, करार आणि कर.

बहुतेक जण दुसऱ्या भागाकडे आधी धाव घेतील, कारण भुते तिथे आहेत. माझा आग्रह तिसऱ्यापासून सुरुवात करण्याचा आहे. ज्याला आपल्याकडे किती महिने आणि किती पैसे आहेत हे नेमके माहीत आहे, त्यालाच खेळणाऱ्याच्या हातात किती गोळ्या द्यायच्या हे कळते. आणि हा भाग वाचून कोणी नोकरी सोडू नये. आधी एका खोलीचा, पंधरा मिनिटांचा खेळ करावा, तो फुकट द्यावा, आणि अनोळखी माणसांपैकी किती जण पुढचे मागतात ते मोजावे. पन्नास जणांनीही मागितले नाही, तर दीड वर्ष वाचले. मागितले, तर पुढच्या खोलीचा खर्च मांडायला तिसऱ्या भागातले तक्ते आहेत.